मुदत १ डिसेंबर : नांदेड-लातूरच्या शाळांना जाहीर इशारा

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतले मुख्याध्यापक, संस्थाचालक, शिकवणी वर्गांचे आणि वसतिगृहांचे मालक, शाळा व्यवस्थापन समित्या आणि दोन्ही जिल्हा परिषदांचे शिक्षण विभाग, हा मजकूर तुमच्यासाठी आहे. तो विनंतीअर्ज समजू नये.

एचआयव्हीबाधित मुलाला प्रवेश नाकारणं, दाखला हातात देऊन वाटेला लावणं, वर्गात वेगळं बसवणं, खिचडीच्या पंगतीत त्याचं ताट बाजूला ठेवणं, त्याच्या घरच्यांच्या आजाराची चौकशी करणं आणि ती चौकशी शिक्षकांच्या खोलीत चघळणं, हे सगळं आजच्या आज थांबवा. आणि येत्या १ डिसेंबरच्या आत आपल्या शाळेत एड्सविषयीचं खरं शिक्षण सुरू करा. त्यानंतर जी शाळा जुन्याच वळणावर सापडेल तिच्याशी आम्ही कायद्याने बोलू. आम्ही म्हणजे या दोन जिल्ह्यांतले काही शिक्षक, काही पालक, काही वकील, आणि ज्यांची नावं कुठल्याही कागदावर येऊ द्यायची नाहीत असं आम्ही ठरवलं आहे अशी काही कुटुंबं.

औसा तालुक्यातलं हासेगाव आठवा. २००९ साली तिथल्या निवाऱ्यात राहणारी एचआयव्हीबाधित मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊन बसली आणि गाव उठलं. ही मुलं शाळेत असतील तर आमची येणार नाहीत, असं म्हणत पालकांनी आपापली पोरं शाळेतून काढून घेतली. लातूरचं नाव त्या दिवसांत देशभर गेलं, आणि ते कशासाठी गेलं हे विसरण्याची मुभा कुणालाच नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा मंजूर केला. दिल्लीत हक्क लिहिला जात होता तेव्हा आपल्या जिल्ह्यात काही मुलांच्या वाट्याला रिकामे बाक येत होते.

किल्लारीही याच औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जमीन हलली आणि शेकडो मुलं पोरकी झाली. भारतीय जैन संघटनेने त्यातल्या कितीतरी मुलांना पुण्याला नेलं, ठेवून घेतलं, शिकवलं. तुझे आईबाप कशाने गेले, असं त्यांना पुण्यात कुणी विचारलं नाही. ज्या मातीतल्या पोरांना परक्या शहराने असं पोटाशी धरलं, त्याच मातीत सोळा वर्षांनी दुसऱ्या पोरांना शाळेचं दार अडलं. फरक एवढाच की यांचे आईबाप भिंतीखाली गेले नव्हते.

अमेरिकेतही हे घडलं आहे. इंडियाना राज्यातल्या रायन व्हाइट या मुलाला रक्त न गोठण्याच्या आजारावरच्या औषधातून एचआयव्हीची लागण झाली आणि १९८५ मध्ये त्याच्या शाळेने त्याला यायला मनाई केली. तो न्यायालयात लढून परत वर्गात गेला. १९९० मध्ये तो वारला, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने त्याच्या नावाने कायदा केला. पण १९८५ मध्ये या आजारावर औषधच नव्हतं, लोकांना फारसं ठाऊकही नव्हतं. आज आपल्याकडे काय सबब आहे? २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरची एआरटी औषधं मोफत मिळतात. लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडला विष्णुपुरीत शंकरराव चव्हाण यांच्या नावाचं आहे. रोज गोळी घेणारं मूल धावतं, कबड्डी खेळतं, दहावी-बारावी करतं, नोकरीला लागतं. आणि तरीही त्याला उठवून मागच्या बाकावर पाठवलं जातं.

आता ज्याचा आपल्याला सर्वांत जास्त अभिमान आहे त्याविषयी. लातूर पॅटर्न आणि त्याच्या मागोमाग उभी राहिलेली नांदेडची शिकवणीची बाजारपेठ. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मुलं इथे नीटची तयारी करायला येतात. त्या परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, आणि बारावीच्या जीवशास्त्रात मानवी आरोग्य आणि रोग या धड्यात एचआयव्ही येतो. हा विषाणू आरएनएचा, त्याचं विकर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, तो मदतनीस टी पेशींवर घाला घालतो, निदानाची चाचणी एलायझा. हे सगळं इथली मुलं झोपेतून उठवली तरी घडाघडा म्हणतील. त्याच मुलांना विचारा, एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होतो का? पाण्याच्या एकाच माठाने? डास चावल्याने? मग कुजबुज सुरू होते. आणि शेजारच्या खोलीत एखादा मुलगा रोज रात्री ठरलेल्या वेळी गोळी घेतो असं कळलं, तर सकाळी खोली बदलून मागायला पहिली रांग याच मुलांची लागते. काही वर्षांनी ही मुलं डॉक्टर होणार आहेत. रुग्णाच्या फाइलवर लाल शाईने खूण करणारा, बाळंतिणीला दुसऱ्या दवाखान्यात पाठवणारा डॉक्टर घडायला सुरुवात इथूनच होते. चार गुणांच्या प्रश्नापुरता एड्स शिकवून तुम्ही त्याला घडवता.

शिकवणी वर्गांच्या मालकांनो, तुमच्या भिंतींवर गुणवंतांचे फोटो आहेत. भारतात एचआयव्हीचा पहिला शोध कुणी लावला, हे तुमच्या एकाही फलकावर नाही. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांनी तो लावला. त्या चेन्नईला स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या, माहेरच्या गायतोंडे. पुढे वडिलांच्या नावाने त्यांनी संस्था काढली आणि बाकीचे दवाखाने ज्यांना दारातून परत पाठवत होते त्यांना तपासायला बसल्या. मुलांना प्रेरणाच द्यायची असेल तर हे नाव सांगा.

शाळांची गत याहून वाईट. बहुतेक शाळांत एड्सचं शिक्षण म्हणजे एड्स दिनाची, १ डिसेंबरची प्रभातफेरी. लाल फित, रांगोळी, निबंध स्पर्धा, दोन घोषणा, फोटो, अहवाल. कुठल्या तरी जुन्या पोस्टरवर अजून कवटी आणि हाडं असतात आणि खाली एड्स म्हणजे मृत्यू असं लिहिलेलं असतं. त्या फेरीत तेच पोस्टर धरून चालणारं एखादं मूल सकाळी घरून गोळी घेऊन आलेलं असतं. तुम्ही त्याच्या हातात त्याच्या मरणाची पाटी देता आणि वरून त्याला घोषणा द्यायला लावता. या वर्षी असं एकही पोस्टर कुठल्याही शाळेच्या फेरीत दिसता कामा नये.

भीती दाखवून शिकवलं की मुलं आजारापासून नव्हे, आजारी माणसापासून दूर पळायला शिकतात. हे इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. पण शिकवायचं कुणी? नववी आणि अकरावीच्या मुलांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम देशपातळीवर तयार झाला होता. २००७ मध्ये इतर काही राज्यांप्रमाणे महाराष्ट्रातही त्यावरून गदारोळ झाला आणि तो अडवला गेला. संस्कृती बुडेल, असं तेव्हा सांगण्यात आलं. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि त्यापायी खटले सोसले, ज्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. आंबेडकर उभे राहिले, त्याच महाराष्ट्रात ऐंशी वर्षांनी आमदारांना हा धडा सोसवला नाही. आजही वर्गात हा विषय आला की कितीतरी शिक्षक म्हणतात, हे घरी वाचून या. मुलं घरी ते वाचत नाहीत. मोबाइलवर भलतंच काही बघतात.

शिकवायचं ते अवघड नाही. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, एकमेकांनी वापरलेल्या सुया, आणि आईकडून गरोदरपणात, बाळंतपणात किंवा दूध पाजताना बाळाला, एवढेच या विषाणूचे मार्ग. बाक, डबा, नळ, संडास, मिठी, खोकला, घाम, डास, यांपैकी कशानेही तो पसरत नाही. उपचार नसतील तर बाधित आईच्या शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते; वेळेवर उपचार झाले तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. गोळ्या नियमित घेतल्या तर रक्तातला विषाणू चाचणीत सापडू नये इतका कमी होतो, आणि अशा माणसाकडून लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही. ही माहिती एका तासिकेत सांगून होते. तिच्यावर बोलायला, मुलांच्या चिठ्ठ्यांतले प्रश्न घ्यायला आणखी काही तासिका द्या. त्यासाठी जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाच्या समुपदेशकांना शाळेत बोलवा.

एक गोष्ट मात्र शिकवताना जपा. निष्पाप लेकरांचा काय दोष, हे वाक्य टाळा. ते दयाळू वाटतं, पण त्यातून वर्गातलं मूल एवढंच ऐकतं की दोष त्याच्या आईचा होता. आपल्याकडच्या कितीतरी बायकांना हा आजार नवऱ्याकडून आला. ट्रकवर, कोयत्यावर, बांधकामावर गेलेला माणूस घरी परतला आणि सोबत आजार घेऊन आला. पुढे तो गेला आणि गावाने विधवेला धारेवर धरलं. कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट, देगलूर या पट्ट्यातल्या शिक्षकांना हे आम्ही सांगायला नको. कुणाचाच दोष शोधू नका. आजार शिकवा.

आता कायदा. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्यापैकी किती जणांनी तो वाचला आहे? त्यात शिक्षणसंस्थेत प्रवेश नाकारणं, शिक्षण बंद पाडणं, अन्यायाची वागणूक देणं, वेगळं काढणं या सगळ्याला मनाई आहे. प्रवेशासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. आपली किंवा मुलाची एचआयव्ही स्थिती सांगायला शाळा कुणालाही भाग पाडू शकत नाही. आणि नीट लक्षात घ्या, हे संरक्षण फक्त बाधित मुलापुरतं नाही. बाधित माणसासोबत एका घरात राहणारं, स्वतः पूर्ण निरोगी असलेलं मूलही त्यात येतं. बाप एड्सने गेला म्हणून पोराला नको म्हणणारा मुख्याध्यापक कायदा मोडतो.

या मुलांविषयी द्वेष पसरवणाऱ्याला किमान तीन महिने आणि कमाल दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बोलून, लिहून, खुणेने, कशाही मार्गाने पसरवला तरी. ग्रामसभेत उठून ‘ही पोरं गावात नकोत’ म्हणणाऱ्या पुढाऱ्याने, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर कुणाच्या घरातला आजार लिहिणाऱ्याने, तो मजकूर पुढे ढकलणाऱ्याने हे दोनदा वाचावं. गुन्हा दखलपात्र आहे. पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद करून आम्हाला परत पाठवता येणार नाही.

भेदभावाच्या तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमायचा आहे आणि लोकपालाने तीस दिवसांत आदेश द्यायचा आहे. तो पाळला नाही तर दहा हजारांपर्यंत दंड, आणि तरीही हट्ट धरला तर दिवसाला पाच हजारांपर्यंत. ज्या शिक्षणसंस्थांत शंभर किंवा त्याहून जास्त कर्मचारी आणि पदाधिकारी आहेत, त्यांना तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. नांदेड-लातुरात अशा मोठ्या संस्था भरपूर आहेत. तुमचा तक्रार अधिकारी कोण? त्याचं नाव सूचना फलकावर का नाही?

आणखी एक तरतूद सांगतो, कारण ती वाचल्यावर कुणाही शिक्षकाला खुर्चीत नीट बसवणार नाही. आईबाप गेलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या घरात बारा ते अठरा वर्षांचं थोरलं भावंड घर चालवत असेल आणि त्याला समज असेल, तर हा कायदा त्याला धाकट्याचा पालक म्हणून सही करू देतो, शाळेच्या प्रवेशासाठीसुद्धा. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की तुमच्या दारात असं मूल धाकट्याचं बोट धरून उभं राहणार आहे. पालक घेऊन ये, म्हणून त्याला परत पाठवू नका. आणि बाप गेल्यावर चुलत्याने जमीन बळकावली असेल, सातबारा दडवला असेल, तर हेच मूल किंवा त्याच्या वतीने कुणीही बालकल्याण समितीकडे जाऊ शकतं. शिक्षकाने मनावर घेतलं तर हे एका अर्जाने होतं.

राज्यात शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांसाठी एचआयव्ही बाधित आणि प्रभावित मुलं वंचित घटकात धरली जातात, तिथे उत्पन्नाची अट लागत नाही. बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात. पण कित्येक कुटुंबं हे दोन्ही हक्क सोडून देतात, कारण कागदावर कारण लिहावं लागतं आणि तो कागद शाळेच्या कार्यालयातून जातो. लिपिकाने टेबलावरूनच मोठ्याने विचारलेला एक प्रश्न त्या घराला गाव सोडायला लावू शकतो. म्हणून बजावतो, फलकावर यादी लावताना प्रवर्ग छापू नका. बोनाफाइडवर कारण लिहू नका. दाखल्याच्या शेऱ्यात आजार किंवा संस्थेची ओळख टाकू नका. औषध आणायला महिन्याकाठी मूल एक दिवस गैरहजर राहिलं तर चारचौघांत कारण विचारू नका. वसतिगृहाच्या रेक्टरांनी कपाट तपासताना औषधाची बाटली कुणासमोर उचलून धरू नये. त्या भीतीनेच मुलं गोळ्या दुसऱ्या डब्यात लपवतात, घ्यायच्या चुकवतात, आणि गोळ्या चुकल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

पालक ऐकत नाहीत, आम्ही काय करणार, असं मुख्याध्यापक म्हणतात. पालक ऐकत नाहीत कारण तुम्ही त्यांना कधी बोलावून सांगितलं नाही. दुसरी सबब, आमच्या शाळेत असं मूलच नाही. ते तुम्हाला माहीत असण्याचं कारणच नाही, आणि नसेल तरीही धडा शिकवायचा आहे. तिसरी, इतर मुलांच्या सुरक्षेसाठी आम्हाला कळायला हवं. नको. खरचटलं, रक्त आलं, तर प्रत्येक मुलाच्या जखमेला हातमोजे घालूनच हात लावा. प्रत्येक मुलाच्या. मग कुणाला काय आहे हे कळण्याची गरज उरत नाही.

निवारा चालवणाऱ्या संस्थांनाही हा इशारा लागू आहे. समाजाने टाकलेल्या मुलांना आम्ही सांभाळतो, एवढ्या पुण्याईवर तपासणीतून सूट मिळत नाही. २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यात अशा मुलांच्या निवाऱ्यातल्या अत्याचाराबद्दल गुन्हा नोंदला गेला. न्याय न्यायालयात होईल. पण ज्या मुलांना गाव जवळ करत नाही, त्यांच्या निवाऱ्याकडे गाव ढुंकूनही बघत नाही, आणि कुणी बघत नाही तिथे मुलाचा आवाज बाहेर येत नाही. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांनी तपासण्या न सांगता कराव्यात आणि मुलांशी एकांतात बोलावं.

१ डिसेंबरपर्यंत प्रत्येक शाळेने एवढं केलेलं असलं पाहिजे. सर्व शिक्षक आणि शिपाई, लिपिक, खिचडी शिजवणाऱ्या ताई यांच्यासाठी एक प्रशिक्षण. आठवीपासून पुढे प्रत्येक वर्गात खऱ्या माहितीची तासिका. पालकसभेत कायद्याचं वाचन. दर्शनी भागात लोकपालाचा पत्ता आणि १०९७ हा मोफत मदत क्रमांक. शिकवणी वर्गांनी आणि वसतिगृहांनीही हेच करायचं आहे. शिक्षण विभागांनी परिपत्रक काढून हात झटकू नयेत, शाळा तपासाव्यात.

२ डिसेंबरपासून आम्ही माहिती अधिकारात अर्ज टाकू. त्यात कोणत्याही मुलाची माहिती मागणार नाही, फक्त तुम्ही काय केलंत ते मागू. जिथे भेदभावाचा पुरावा असेल तिथे लोकपालाकडे, राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे आणि द्वेष पसरवल्याचा मजकूर असेल तर थेट पोलीस ठाण्यात तक्रार जाईल. दोन्ही जिल्हा परिषदांसमोर धरणं धरू. शाळेचं नाव मोठं आहे, संस्थाचालक आमदार आहेत, निकाल शंभर टक्के लागतो, यातलं काहीही आम्ही ऐकणार नाही.

ज्या शिक्षकांनी गाजावाजा न करता अशा मुलांना आपल्या वर्गात सांभाळलं, त्यांना हा इशारा नाही. ते आहेत, आम्हाला माहीत आहेत. त्यांनी शेजारच्या शाळेत जाऊन बोलावं, त्यांचं बोलणं आमच्या अर्जांपेक्षा लवकर पोहोचेल.

आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्या आयांना, आजीआजोबांना, थोरल्या भावंडांना : शाळेत कुणालाही काहीही सांगण्याचं बंधन तुमच्यावर नाही. कुणी मुलाला नाकारलं, हिणवलं, वेगळं बसवलं, तर तारीख, वेळ आणि कोण काय बोललं ते एका वहीत लिहून ठेवा. काय करायचं ते १०९७ वर नाव न सांगता विचारता येतं, मूल संकटात असेल तर १०९८ वर कधीही फोन लागतो. मुलाचं नाव शाळेतून काढू नका.